नायेलीचा उजवा कान

माझी नात नायेली हट्टी आहे, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. हाक मारली तरी वळत नाही, जेवायला बोलावलं तरी खेळत बसते. माझा मुलगा एवेरार्दो म्हणाला, "आई, तुझ्यावर गेलीय." मी म्हटलं, माझ्यावर गेली असती तर उलट उत्तर दिलं असतं. ही उत्तरच देत नाही. आणि उत्तर न देणारं माणूस आमच्या घराण्यात अजून जन्मलेलं नाही.

मी दुसरीपर्यंत शिकले, तीही अर्धीच, कारण बीटाच्या हंगामात आम्ही सगळे उत्तरेला मिनेसोटाला जायचो आणि शाळा इथं टेक्ससमध्ये राहायची. पण डोळे आणि कान काही मला शाळेनं दिलेले नाहीत. एखादी गोष्ट खुपली की ती कळेपर्यंत मला घास गोड लागत नाही.

एका दुपारी पोरगी मागच्या पायरीवर बाहुल्यांची लग्नं लावत बसली होती. मी तिच्या पाठीमागे जाऊन पातेल्याचं झाकण टाकलं. वळली. म्हणजे अगदीच बहिरी नाही. मग किल्ल्या वाजवल्या. नाही वळली. मग मी डाव्या अंगाला वाकून हळूच म्हटलं, "आंबा, तिखट लावलेला." लगेच वळली, जीभही बाहेर आली. मी तिला म्हटलं, संध्याकाळी देते, आणि थोड्या वेळानं उजव्या अंगानं तेच शब्द, त्याच आवाजात. काही नाही. पुन्हा म्हटलं. काही नाही. शेवटी म्हटलं, "तुझी आई आत एकटीच आंबा खातेय." बाहुलीच्या डोक्यावरचा रुमाल ती शांतपणे नीट करत राहिली.

हे ऐकून न उठणारं पोर हट्टी नसतं. त्याचा कान गेलेला असतो.

रविवारच्या बाजारात माझं जडीबुटीचं दुकान आहे. कॅमोमाइल, रुए म्हणजे उग्र वासाचा सताप, पोटाला दवणा, झोपेला संत्र्याचा मोहर. कानाला दडे बसले तर काय करायचं हे मला कुणी शिकवायची गरज नाही. वर्तमानपत्राची सुरळी करायची, बारीक टोक कानात, दुसऱ्या टोकाला काडी लावायची, अर्धी जळली की विझवायची. आत शिरलेला वारा धुराबरोबर बाहेर येतो. अर्ध्या गावाचे कान मी असे मोकळे केलेत. नायेलीला तीन शनिवार सुरळी लावली. राख पडली, पोरगी खदखदून हसली आणि उजवा कान होता तसाच राहिला. मी आधी वर्तमानपत्राला दोष दिला. हल्लीचा कागद पातळ येतो. चौथ्या शनिवारी मात्र मी काडेपेटी ठेवून दिली आणि सुनेला गाठलं.

माझी सून यादिरा. नदीपलीकडची, मेक्सिकोतल्या सान लुइसची. एकोणिसाव्या वर्षी व्हिसावर आली आणि व्हिसा संपला तरी राहिली. एवेरार्दोनं लग्न केलं, तिच्या कागदांसाठी अर्ज केला, त्याला आता दोन वर्षं झाली. मी तिला वाईट कधीच म्हटलेलं नाही. तिचा भात चिकट होतो, एवढंच म्हटलंय.

"क्लिनिकमध्ये काय म्हणतात गं पोरीला?" मी विचारलं.

"बरी आहे म्हणतात, सासूबाई."

"आणि उजवा कान?"

"दोन्ही कान बरे आहेत म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"डॉक्टर."

उत्तरं फार भराभर आली. माझ्या सुनेला मीठ कुठं आहे विचारलं तरी ती आधी श्वास घेते.

दर दुसऱ्या गुरुवारी दहा वाजता ती पोरीला घेऊन क्लिनिकला जायची. एवेरार्दोचा तसा हुकूमच होता. संत्र्यांच्या बागांचे पंप दुरुस्त करत तो दिवसभर हिंडतो, त्याला स्वतःला नेता येत नाही. आता त्या क्लिनिकची एक रीत आहे. पोर रडो वा न रडो, निघताना त्याला एक चिकटचित्र देतात. नायेली ते कपाळावर लावून घरी यायची आणि मग आमच्या फ्रीजच्या दारावर चिकटवायची. मी जाऊन फ्रीजसमोर उभी राहिले. चांदण्या, डायनोसॉर, एक रागावलेला मासा. सगळ्यात वरचं, शेवटचं, सशाचं होतं, टोपलीत रंगीत अंडी घेतलेला ससा. म्हणजे ईस्टरचं, एप्रिलच्या सुमाराचं. आणि आम्ही जुलैत होतो.

पुढच्या गुरुवारी मी त्यांच्या मागे निघाले.

एकाहत्तराव्या वर्षी, काळी छत्री उघडून, कालव्याच्या काठानं कुणाचा पाठलाग करणं सोपं नसतं. दोन जणांनी मला लांबूनच हाका मारल्या, एकीला कॅमोमाइल हवं होतं. मी तिच्याकडे असं पाहिलं की पुन्हा वर्षभर ती कॅमोमाइल मागणार नाही. यादिरा क्लिनिकच्या चौकापर्यंत गेली. क्लिनिकच्या दाराकडे तिनं एकदा पाहिलं आणि समोरच्या कपडे धुण्याच्या दुकानात शिरली. हातात एक कपडा नव्हता.

मी काचेतून पाहत राहिले. यंत्रांच्या ओळीत शेवटच्या बाकावर ती बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून, जसं कुणी फलाटावर बसतं. नायेली फिरणाऱ्या यंत्राला उजवा गाल लावून उभी होती. लोकांचे कपडे आत गरगरत होते आणि पोरगी डोळे मिटून ते गालानं ऐकत होती.

मी आत गेले आणि यादिराच्या शेजारी बसले. ती दचकली नाही. जणू कधीतरी मी येणार हे तिला माहीतच होतं.

"डॉक्टर आज कुठल्या यंत्रात बसलाय?" मी विचारलं.

ती पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळायला लागली.

"किती दिवस चाललंय हे?"

"एप्रिलपासून."

"आणि पोरीचा कान?"

मग तिनं सांगितलं. मार्चमध्ये क्लिनिकच्या डॉक्टरनं पाहिलं होतं. उजव्या पडद्यामागे पाणी साठलंय, डाव्यातही थोडं आहे. शहरातल्या कानाच्या डॉक्टरकडे पाठवायचं, तो तांदळाच्या दाण्याएवढी नळी बसवतो, पाणी वाहून जातं. फार थांबू नका म्हणाला, नाहीतर पोरगी शाळेत जाईल आणि बाई काय बोलते ते तिला कळणार नाही, बोलणंही मागे पडेल, पडदा बिघडला तर कायमचं. मेमध्ये नंबर लागला होता. नायेलीच्या सरकारी कार्डावर, ज्यावर इथं जन्मलेल्या पोरांना औषधपाणी फुकट मिळतं.

"मग गेली का नाहीस?"

यादिरानं माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीच सांगितलंत ना, सासूबाई. ते पत्र आलं तेव्हा."

"क्लिनिकला जाऊ नको असं मी म्हटलं नव्हतं. कार्ड बाहेर काढू नको म्हटलं होतं."

"कार्डाशिवाय तिथं पहिला प्रश्न पत्त्याचा. दुसरा, कोण कोण राहतं. तुम्ही म्हणालात नावं पुढे जातात. एवेरार्दो म्हणाला, डॉक्टरकडे ने. दोघांचंही ऐकायचं तर खोटंच बोलावं लागतं."

पत्राचं नीट सांगायला हवं.

आमच्या घरात इंग्रजी पत्र आलं की ते माझ्याकडे येतं. कारण माझा जन्म नदीच्या या तीरावरचा. सुईणीच्या हातचा असला तरी दाखला टेक्ससचा आहे, तो देवाच्या तसबिरीमागे ठेवलेला आहे. इथली माणसं असंच धरून चालतात, की जो या बाजूला जन्मला त्याला या बाजूचं सगळं कळतं. शेजारणीही कागद घेऊन येतात. मी चष्मा लावते, ओळींवरून बोट फिरवते, थोडा वेळ गप्प बसते आणि सांगते. पंचवीस वर्षं सांगत आले. स्पॅनिश मला वाचता येतं, मोठ्या अक्षरातलं, प्रार्थनेच्या पुस्तकावर शिकले. इंग्रजी येत नाही. वीजबिल निळं असतं, पाण्याचं हिरवं, आणि लाल पट्टी असली की आज जायला हवं. एवढ्यावर माणूस बराच काळ शहाणं राहू शकतं.

एप्रिलमधलं ते पत्र राज्याच्या शिक्क्याचं होतं. मी बोट फिरवत होते आणि मधेच एक शब्द ओळखीचा लागला. इमिग्रेशन. तो शब्द मला वाचावा लागत नाही. लहानपणापासून गाड्यांच्या दारांवर आणि शर्टांच्या पाठीवर पाहिलेला, तो दिसला की आधी पोटात गार होतं. मी पत्राची घडी घातली आणि सांगितलं, "लिहिलंय, की पोरीनं कार्ड वापरलं तर घरातल्या सगळ्यांची नावं इमिग्रेशनला जातील, आणि जिचा अर्ज पडलाय तो फेटाळतील." बाजारात जे ऐकलं होतं, रेडिओवर जे ऐकलं होतं, ते सगळं माझ्या तोंडून असं बाहेर पडलं जणू कागदावर छापलेलं आहे. मग पत्र ओव्याच्या डब्यात टाकलं, म्हणजे कुणी काढू नये.

आता त्या दुकानात, यंत्रांच्या घरघरीत, मला हे सांगता आलं असतं. सांगितलं नाही. म्हटलं, "चल घरी, ऊन वाढतंय."

घरी येऊन मी डबा उघडला आणि संध्याकाळपर्यंत ते पत्र पाहत बसले. उलटं केलं, सुलटं केलं, खिडकीशी धरलं. नायेली येऊन माझ्या तोंडाकडे पाहायला लागली. तेव्हा मला कळलं की हल्ली ती सगळ्यांच्या तोंडाकडेच पाहते. मी कागदाकडे पाहायची तशी.

एवेरार्दोला इंग्रजी येतं. पण त्यानं वाचून दाखवलं असतं, त्यातलं काय धरायचं आणि काय नाही हे त्याला कुठलं कळायला. ते एकाच बाईला कळतं आणि ती म्हणजे सोकोरो.

सोकोरो एवेरार्दोची बाप्तिस्म्याची धर्ममाता, म्हणजे माझी कोमाद्रे. हे नातं असं असतं की भांडलं तरी तुटत नाही आणि भांडतानाही अहो-जाहोच करावं लागतं. बाजारात माझ्या दुकानासमोर क्लिनिकचं टेबल असतं, त्यावर ती बसते. लोकांचे फॉर्म भरते, बोटाला सुई टोचून साखर बघते, टूथब्रश फुकट वाटते. एकदा तिनं माझ्या गिऱ्हाइकाला सांगितलं होतं की बाळाच्या कानात रुएचं तेल घालू नका. तेव्हापासून आमचं बोलणं हवापाण्यावर आलं होतं.

रविवारी गर्दी व्हायच्या आत मी यादिरा आणि पोरीला घेऊन तिच्या टेबलापाशी गेले.

"अरे वा, कोमाद्रे," सोकोरो म्हणाली. "साखर बघायची?"

"माझी साखर माझ्या जिभेवर नाही तर रक्तात कुठली असायला. हे वाचा."

"तुम्हीच वाचा की. तुम्हाला येतं."

यादिरा माझ्या डाव्या बाजूला उभी होती. मी तिच्याकडे न पाहता म्हटलं, "नाही येत. मी हे वाचलंच नव्हतं. आणि वाचलं म्हणून सुनेला सांगितलं, की कार्ड वापरलं तर तिचे कागद बुडतील."

सोकोरोनं चष्मा पुसला. तिला हसायचं होतं, मी ओळखते तिला, पण तिनं ते गिळलं. मग पत्र वाचलं. "यात लिहिलंय, कार्डाचं वर्ष संपत आलंय, दरवर्षीसारखी माहिती भरून पाठवा. मेच्या अखेरपर्यंत."

"बस?"

"बस."

मी बोट ठेवलं. "आणि हा शब्द?"

तिनं वाकून पाहिलं. "घरातली जी माणसं स्वतःसाठी कार्ड मागत नाहीत, त्यांनी इमिग्रेशनची माहिती देण्याची गरज नाही."

शब्द तोच होता. बाकीचं वाक्य मी पोटातून भरलं होतं.

मला वाटलं यादिरा रडेल किंवा आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी बोलेल. माझी तयारी होती. तिनं डोकं जरा तिरकं केलं, नायेली करते तसं, आणि विचारलं, "सासूबाई, मग वीजबिल?"

"निळं असतं."

"आणि माझ्या अर्जाची पत्रं? तीही तुम्हीच सांगायचात, थांबा म्हणून."

"ती जाड असतात. जाड म्हणजे थांबा."

आता मात्र सोकोरोला हसू आवरलं नाही. टूथब्रशांचा खोका पडला. यादिरा हसली नाही. "बरं झालं ती वकिलालाही जातात," एवढंच म्हणाली, आणि मला बाजूला सारून, हो, चक्क कोपरानं सारून, ती टेबलासमोरच्या खुर्चीवर बसली.

"दोन्या सोकोरो," तिनं मोठ्या बाईला मारावी तशी मानानं हाक मारली, "मला खरं सांगा. मेची तारीख तर गेली, आता हे नव्यानं भरलं तर माझ्या अर्जाला धक्का लागेल का?"

"आजच्या नियमात पोरीचं कार्ड पोरीचं. ते आईच्या अर्जात धरत नाहीत. वकिलालाही विचारून घे."

"आणि उद्याच्या नियमात?"

"ते वॉशिंग्टनला विचार. माझ्या टेबलावरचा माहितीचा कागद एवढ्यात तीनदा बदललाय. ही माहिती कोणी कोणाला दाखवायची यावर त्यांची कोर्टात भांडणं चाललीत. मी तुला काही होणार नाही असं सांगणार नाही, पोरी. मी खोटं सांगत नाही."

हे शेवटचं माझ्याकडे पाहून नव्हतं, पण मला लागायचं तिथं लागलं.

"आमचा पत्ता?"

"तो त्यांच्याकडे आहेच. ही जन्मली तेव्हापासून."

यादिरानं मान वळवली. पलीकडे माझ्या दुकानात नायेली कॅमोमाइलच्या जुड्या रचत होती. मागून मक्याच्या कणसांचा गाडा घंटा वाजवत आला, माणूस ओरडला, पोरगी हलली नाही. त्यानं गाडा थांबवून वळसा घातला. माझ्या सुनेनं ते सगळं पाहिलं.

"एवेरार्दोला विचारून ये हवं तर," मी म्हटलं.

"आता कुणाला विचारायचं नाही," ती म्हणाली. "कागद मिळाले आणि तिला माझी हाक ऐकू आली नाही, तर इथं राहून मी हाक मारू कुणाला? भरा, दोन्या सोकोरो."

टूथब्रश बाजूला सारून तिथंच भरलं. घरात कोण कोण, तर चौघं. आजीचं नाव, एर्लिंदा. जन्म कुठला, या तीरावरचा. मी सही केली नाही, माझी कुठं गरजच नव्हती. यादिरानं केली. शाळेत शिकलेली सही आहे तिची, शेवटच्या अक्षराला शेपूट असलेली. इतकी वर्षं माझ्या घरात राहून मी ती कधी पाहिली नव्हती.

मग वाट पाहणं. त्यात माझा हातखंडा नाही. ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाली. यादिरानं जाऊन बाईंना हातवारे करून सांगितलं आणि पोरीला पुढच्या बाकावर, भिंतीकडे उजवा कान करून बसवलं. पोस्टाची गाडी आली की मी अंगणात काहीतरी काम काढायची. तिसऱ्या आठवड्यात शिक्क्याचं पत्र आलं. यादिरा म्हणाली, मोबाइलनं फोटो काढला की स्पॅनिशमध्ये दिसतं. मी म्हटलं, थांब. हे मला वाचून घ्यायचंय.

रविवारी अकरा वाजता, बाजार पुरा भरलेला असताना, मी दुकान सोडून समोर गेले. ज्यांना ज्यांना मी पत्रं वाचून दाखवली होती त्या सगळ्या तिथंच होत्या. मक्याचे उकडलेले तमाले विकणारी चायो, चपलावाली, तिची बहीण. मी पत्र टेबलावर ठेवलं आणि सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "कोमाद्रे, हे वाचून द्या. मला इंग्रजी येत नाही."

चायोच्या हातातला चिमटा थांबला. "दोन्या एर्लिंदा, मग माझ्या भाच्याचं तुरुंगातून आलेलं पत्र?"

"सुटला ना तो?"

"सुटला."

"मग बरोबरच वाचलं होतं."

सोकोरोनं पाकीट फोडलं. तिनं मला थोडं ताटकळत ठेवलं, तेवढा तिचा हक्क होता. मग म्हणाली, "मिळालं. नायेलीला. महिन्याच्या पहिल्या तारखेपासून." यादिरानं तिच्या हातून पत्र घेतलं, फोटो काढला आणि स्वतःही वाचलं. बरोबर केलं.

कानाच्या डॉक्टरकडे नंबर ऑक्टोबरमध्ये लागला. तो म्हणाला, पाणी घट्ट झालंय, उशीर झालाय, डावा पूर्ण येईल, उजवा किती येईल ते बघू. आणि कानात राख कशी आली, असंही त्यानं विचारलं. यादिरानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

नळ्या बसल्या. तपासायला पोरीला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन लावले, समोर बादली दिली आणि आवाज ऐकू आला की बादलीत लाकडाचा ठोकळा टाक म्हणाले. मी काचेला नाक लावून बघत होते. माझीच तपासणी होती ती, फक्त आंब्याशिवाय. डावीकडे तिनं सगळे ठोकळे टाकले. उजवीकडे दहातले सात.

यादिराच्या अर्जाची पत्रं अजून येतात. जाड. आता तीच फोडते, तीच वाचते, आणि मी विचारलं तर सांगते. थांबा म्हणूनच लिहिलेलं असतं, पण ते काय म्हणून थांबायचं हे मला आता पहिल्यांदाच कळायला लागलंय. दर वेळी कारण निराळं असतं.

गेल्या रविवारी नायेली दुकानात माझ्या पुढे, पाठ करून बसली होती. उजवा कान माझ्याकडे. समोर सोकोरोच्या टेबलाशी रांग लागली होती, माझ्याकडे चिटपाखरू नव्हतं. मी स्वतःशीच पुटपुटले, "बसलीय टूथब्रश वाटत. हिला स्वतःचे दात तरी आहेत का पुरते."

पोरगी उठली. रस्ता ओलांडून गेली, सोकोरोच्या गुडघ्याला हात लावून तिनं काहीतरी विचारलं. सोकोरोनं तोंड उघडून तिला दात मोजू दिले. मग माझ्याकडे पाहून, रांगेवरून, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी म्हणाली, "कोमाद्रे, उजवा कान चांगला आलाय."

"आलाय खरा," मी म्हटलं. "किती निघाले?"